विहिरीपासून मुखापर्यंत : धाराशिव जिल्ह्यातील पाणी, दात आणि आरोग्य

'नारू' हा शब्द आजच्या शाळकरी मुलांना ठाऊक नाही. महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतील वृद्ध मंडळींना मात्र तो चांगलाच आठवत असेल. पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत उतरून भरलेल्या पाण्यातून, सायक्लॉप्स नावाच्या सूक्ष्म जलजीवाबरोबर नारूची अळी पोटात जात असे आणि सुमारे वर्षभराने हातभर लांबीचा जंत पायावरील फोडातून बाहेर पडू लागे. ऐन सुगीत कमावता माणूस अंथरुणाला खिळत असे. या रोगावर लस नव्हती आणि खात्रीचे औषधही नव्हते. तरीही तो नाहीसा झाला. देशातील नारूचा शेवटचा रुग्ण जुलै १९९६ मध्ये राजस्थानात आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये भारत नारूमुक्त असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने प्रमाणित केले. विहिरींच्या पायऱ्या बंद करणे, हातपंप बसविणे, पाणी दुहेरी फडक्याने गाळणे आणि रुग्णाला पाण्यात उतरू न देणे एवढ्याच उपायांनी हे यश मिळाले.

सार्वजनिक आरोग्याच्या क्षेत्रात काम करणाऱ्यांनी या यशाचे मर्म लक्षात ठेवणे अगत्याचे आहे. रोग ज्या वाटेने मुखात शिरतो ती वाट गावाने अडविली, तर रुग्णालयाचे काम पुष्कळ अंशी हलके होते. धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात या वाटेचे दोन टप्पे विचारात घ्यावे लागतात. पहिला टप्पा पाण्याच्या उगमापासून घरातील घागरीपर्यंतचा आणि दुसरा प्रत्यक्ष मुखाचा, म्हणजे दात, हिरड्या व जीभ यांच्या स्वच्छतेचा. पहिल्या टप्प्याकडे शासनाचे व ग्रामपंचायतींचे लक्ष असते. दुसरा टप्पा मात्र बहुधा दुर्लक्षित राहतो.

जिल्ह्याचे पाणी

बालाघाटच्या डोंगररांगांवर आणि त्यांच्या उतारांवर वसलेल्या या जिल्ह्यात, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, वाशी, भूम व परंडा असे आठ तालुके आहेत. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या असल्या तरी त्यांना बारमाही पाणी नसते. पावसाचा भरवसा नाही आणि जमिनीखाली काळ्या बेसाल्ट खडकाचे थर आहेत. या खडकात पाणी साठते ते मुख्यतः भेगांत व झिजलेल्या थरांत. त्यामुळे एका विहिरीला भरपूर पाणी आणि शेजारची कोरडी, असे चित्र नेहमी दिसते. पाणी अडविण्याची जाण येथे जुनीच आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात बोरी नदीवर बांधलेला नळदुर्ग किल्ल्यातील बंधारा व त्याच्या पोटातील पाणीमहाल ही त्याची साक्ष होय.

१९७२ च्या दुष्काळाने या भागाला पाण्याचे मोल शिकविले. २०१६ च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ही घटना तर ताजीच आहे. टंचाईच्या काळात टँकर, अधिग्रहित विहिरी आणि खोल विंधन विहिरी यांवर गावे अवलंबून राहतात. पाणी मिळणे हीच मोठी गोष्ट ठरते आणि ते कसे आहे हा प्रश्न मागे पडतो. वास्तविक याच काळात त्याची अधिक काळजी घ्यावयास हवी. विहीर तळाला गेली की गाळ वर येतो, एकाच ठिकाणी गर्दी होते आणि हात-तोंड धुण्यासाठी पाणी वापरण्यात कुटुंबे हात आखडता घेतात. अतिसाराची साथ पसरण्यास ही परिस्थिती पोषक ठरते. पहिल्या पावसात काठावरची घाण वाहून विहिरीत येते, तेव्हा धोका आणखी वाढतो.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागात दर माणशी दररोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. हे पाणी भारतीय मानकानुसार शुद्ध असावे, ही त्यातील अट तितकीच महत्त्वाची आहे. नळ बसला म्हणजे शुद्ध पाण्याची हमी मिळाली, असे मात्र समजू नये. पाणी दिवसाआड किंवा चार-चार दिवसांनी सुटते, तेव्हा मधल्या काळात जलवाहिनी रिकामी असते. अशी वाहिनी गटारातून किंवा साचलेल्या डबक्यातून जात असेल आणि तिला गळती असेल, तर बाहेरची घाण आत ओढली जाते. तोटी नसलेला, खड्ड्यात उतरविलेला नळ हाही याच प्रकारचा धोका होय. साथ उद्भवली की पहिली तपासणी गळतीची करावी, हा अनुभवी आरोग्य कर्मचाऱ्यांचा शिरस्ता आहे.

विहिरीचे निर्जंतुकीकरण

पटकी, विषमज्वर, हगवण, तसेच दूषित पाण्याने होणारी कावीळ हे सर्व रोग विष्ठेतील जंतू पाण्यावाटे मुखात गेल्याने होतात. पाणी स्वच्छ दिसते म्हणून ते निर्जंतुक आहे असे समजणे चूक आहे. तुरटीने गढूळपणा खाली बसतो, जंतू मरत नाहीत. गढूळ पाण्यात क्लोरीनचा प्रभावही नीट पडत नाही. म्हणून प्रथम पाणी निवळून घ्यावे व नंतर क्लोरीन द्यावे, हा क्रम पाळला पाहिजे.

विहिरीसाठी सर्वांत सोपे साधन म्हणजे ब्लिचिंग पावडर. गावात तिला टीसीएल म्हणतात. किती पावडर टाकावी याचा हिशेब शाळेतील सातवी-आठवीच्या विद्यार्थ्यालाही करता येतो. विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला पाण्याच्या खोलीने व ३.१४ ने गुणावे, ४ ने भागावे आणि १,००० ने गुणावे. येणारे उत्तर म्हणजे विहिरीतील पाणी लिटरमध्ये. उदाहरणार्थ, व्यास ४ मीटर व पाणी ३ मीटर खोल असेल, तर विहिरीत ३७,६८० लिटर पाणी आहे. चांगल्या प्रतीची पावडर दर १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम लागते, म्हणजे या विहिरीला सुमारे ९४ ग्रॅम. पोते उघडे राहिले, ओल लागली किंवा ऊन लागले की पावडरमधील क्लोरीन उडून जातो. अशी पावडर अधिक घालावी लागते. फारच जुनी असेल तर ती निरुपयोगीच ठरते.

पावडर कोरडीच विहिरीत फेकणे ही सर्रास दिसणारी चूक आहे. ती बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग पाऊण बादली पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे ठेवावे. तळाशी चुना बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून घ्यावे आणि ती बादली दोराने पाण्याखाली सोडून वरखाली हलवावी. चुना विहिरीत टाकू नये. त्यानंतर किमान एक तास पाणी उपसू नये. हे काम रात्री केल्यास सकाळी पाणी वापरण्यास योग्य होते. नळयोजनेत शेवटच्या घरच्या तोटीचे पाणी घेऊन ओटी चाचणी करावी. पाण्याला पिवळी छटा आली तर क्लोरीन तेथपर्यंत पोहोचला असे समजावे. टाकीजवळच्या नळावर चाचणी करून नोंदवही भरणे म्हणजे स्वतःचीच फसवणूक होय.

विहिरीचा कठडा पाऊण मीटर उंच, सभोवती किमान एक मीटर रुंदीचा पक्का ओटा आणि सांडपाणी दूर नेणारी नाली असावी. शौचालयाचा खड्डा, उकिरडा व गोठा विहिरीपासून किमान १५ मीटर दूर असावा. बेसाल्टच्या भेगांतून घाण दूरवर झिरपू शकते, हे ध्यानी घेता अंतर जितके अधिक तितके बरे. राज्यात पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर पाणीस्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतींना जोखमीनुसार लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड मिळाले म्हणजे गावाचा अपमान झाला असे सदस्यांनी मानू नये. कोणता दोष दूर करावयाचा, हे सांगणारा तो दाखला आहे. कार्डाचा रंग ग्रामसभेत वाचून दाखविला, तर दुरुस्तीस लोकांचे सहकार्य मिळते.

घागर, माठ आणि ओगराळे

नळाशी शुद्ध असलेले पाणी घरात पुन्हा दूषित होते, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. हंड्यात हात घालून पेला बुडविला की हातावरचे जंतू साऱ्या हंड्यात पसरतात. संत गोरोबाकाकांचे तेर याच जिल्ह्यात आहे. मातीच्या माठाचे येथील घरांशी जुने नाते आहे. माठ उत्तमच, परंतु तो उंचावर, झाकलेला आणि रोज घासलेला असावा. पाणी काढण्यास लांब दांड्याचे ओगराळे असावे किंवा माठाला तोटी बसवावी. स्रोताविषयी शंका असेल तेव्हा पाणी उकळून घ्यावे अथवा २० लिटर पाण्यात अर्ध्या ग्रॅमची एक क्लोरीन गोळी टाकून अर्धा तास थांबावे. अलीकडे खेड्यांतही पोहोचलेल्या जारच्या पाण्याबाबत सावध राहणे इष्ट. पाणी थंड केले म्हणजे ते शुद्ध झाले असे होत नाही. त्याची तपासणीही इतर पाण्याप्रमाणेच झाली पाहिजे.

मुलाला वारंवार हगवण लागली की खाल्लेले अंगी लागत नाही. अशक्त मूल पुन्हा आजारी पडते आणि कुपोषणाचे चक्र सुरू होते. अंगणवाडीतील आहार कितीही सकस असला, तरी पाणी व हात अस्वच्छ असतील तर तो वाया जातो. हगवण लागताच एक लिटर शुद्ध पाण्यात जीवनरक्षक क्षार संजीवनीची एक पूर्ण पुडी विरघळवून घोट-घोट पाजावे आणि आरोग्य कर्मचाऱ्याच्या सल्ल्याने चौदा दिवस जस्ताच्या गोळ्या द्याव्यात. अंगावरचे दूध व नेहमीचे खाणे बंद करू नये.

दातांवर उमटणारे पाण्याचे दोष

जंतूंखेरीज पाण्यात रासायनिक दोषही असतात आणि ते उकळून जात नाहीत. उलट पाणी आटल्याने त्यांचे प्रमाण वाढते. त्यांपैकी फ्लोराइडचा संबंध थेट दातांशी येतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात दर लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालते. अल्प प्रमाणात ते दातांचे किडण्यापासून रक्षण करते. अधिक झाले तर वाढत्या वयातील मुलांच्या दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे, पुढे पिवळे-तपकिरी डाग दिसतात. हे डाग घासून जात नाहीत. आणखी अधिक प्रमाण दीर्घकाळ राहिल्यास सांधे व पाठीचा कणा ताठरतो. यवतमाळ, चंद्रपूर व नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांनी हा त्रास सोसला आहे.

एखाद्या वर्गातील अनेक मुलांच्या दातांवर असे सारखेच डाग दिसू लागले, तर शिक्षकांनी ते अस्वच्छतेचे लक्षण मानून मुलांना रागावू नये. ती त्या गावच्या पाण्याची तपासणी करण्याची सूचना समजावी. विंधन विहिरी जितक्या खोल जातील, तितकी ही तपासणी अधिक आवश्यक ठरते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत ती करून घेता येते. नायट्रेटचे प्रमाण दर लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल, तर ते तान्ह्या बाळांना अपायकारक असते. मराठवाड्याच्या भूजलात हा दोष वारंवार नोंदला गेला आहे. उकिरडे, शौचखड्डे व रासायनिक खतांचा अतिवापर ही त्याची प्रमुख कारणे होत.

मुखाची स्वच्छता

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ मधील अहवालानुसार जगातील सुमारे साडेतीन अब्ज लोकांना मुखाचे कोणते ना कोणते विकार आहेत. तरीही दातदुखी हा रोग नव्हेच, अशी आपल्याकडील समजूत आहे. दातांवर सतत एक चिकट थर साचत असतो. त्यातील जंतू गोड पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दाताचे कठीण आवरण पोखरते. गोड किती खाल्ले यापेक्षा ते दिवसातून किती वेळा खाल्ले याला अधिक महत्त्व आहे. दुकानातील गोळ्या-चॉकलेट दिवसभर चघळणाऱ्या मुलाचे दात लवकर किडतात. दात दुखणारे मूल नीट चावत नाही, रात्री झोपत नाही आणि शाळेत त्याचे लक्ष लागत नाही.

हिरड्यांचा रोग त्याहून कपटी आहे, कारण तो फारसा दुखत नाही. घासताना रक्त येणे, तोंडाला दुर्गंधी व हलणारे दात ही त्याची लक्षणे. मधुमेह व हिरड्यांचा रोग परस्परांना वाढवितात. मधुमेहात हिरड्या लवकर सुजतात आणि सुजलेल्या हिरड्यांमुळे रक्तातील साखर आवरणे अवघड होते. ज्यांच्या हृदयाच्या झडपा सदोष आहेत, अशांच्या बाबतीत मुखातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोहोचून गंभीर आजार होऊ शकतो.

उपाय मात्र साधे आहेत. सकाळी व रात्री झोपण्यापूर्वी मऊ ब्रशने फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून दोन मिनिटे दात घासावेत, जीभ स्वच्छ करावी आणि काही खाल्ल्यावर खळखळून चूळ भरावी. लहान मुलांना पेस्ट वाटाण्याएवढीच द्यावी व ती गिळू देऊ नये. कडुनिंबाची वा बाभळीची ताजी काडी नीट चावून वापरल्यास तीही उपयोगी पडते. राख, विटकर व कोळशाची भुकटी यांनी दातांचे आवरण झिजते. टंचाईच्या दिवसांतही चूळ भरण्यास एक पेला पाणी पुरते. तेवढे पाणी कोणी वाचवू नये.

मिसरी : दात घासण्याच्या नावाखाली व्यसन

या विषयातील सर्वांत गंभीर बाब म्हणजे मिसरी. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजून, तिची पूड करून ती दातांना व हिरड्यांना चोळण्याची सवय ग्रामीण महाराष्ट्रातील अनेक स्त्रियांना आहे. काही भागांत तिला मशेरी म्हणतात. दातदुखीवरचा उपाय म्हणून ती सुरू होते. तंबाखूमुळे ठणका तात्पुरता बधिर होतो, रोग मात्र वाढतच राहतो. हळूहळू दिवसातून चार-पाच वेळा मिसरी लावल्यावाचून काम सुचत नाही. बिडी ओढणाऱ्या पुरुषाला लोक व्यसनी म्हणतात. मिसरी लावणारी स्त्री दात घासते आहे, असेच सर्वांना वाटते. त्यामुळे तिला या व्यसनातून सोडविण्याचा विचार कोणाच्या मनात येत नाही.

याचे परिणाम पोटातील बाळापर्यंत पोहोचतात. मुंबईतील १,२१७ गर्भवती स्त्रियांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. धूरविरहित तंबाखू वापरणाऱ्या मातांच्या बाळांचे वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरले आणि मुदतपूर्व प्रसूतीचे प्रमाणही अधिक आढळले. या स्त्रियांमध्ये मिसरीचाच वापर सर्वाधिक होता. म्हणून गर्भवतीची नोंदणी करताना मिसरीविषयी आवर्जून, पण दोष न देता विचारणा व्हावयास हवी. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील २६.६ टक्के प्रौढ तंबाखू सेवन करीत असल्याचे दिसले, त्यांत धूरविरहित तंबाखूचे प्रमाण २४.४ टक्के होते. पेस्ट व दंतमंजनात तंबाखू वापरण्यास १९९२ पासून, तर राज्यात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. घरच्या तव्यावरील मिसरी मात्र कायद्याने थांबणारी नाही. तेथे समजूत घालणेच उपयोगी पडते.

मुखाच्या कर्करोगाचे मुख्य कारण तंबाखू व सुपारी हेच आहे. बार्शी येथील नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक केंद्राच्या साहाय्याने १९८७ साली देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू केली. बार्शीबरोबर धाराशिव जिल्ह्यातील भूम व परंडा हे तालुकेही तिच्या कक्षेत आले. मुखाचा कर्करोग शोधण्यास भारी यंत्रे लागत नाहीत, भरपूर उजेड व प्रशिक्षित नजर पुरते. केरळातील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात केलेल्या आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, अशा साध्या तपासणीमुळे तंबाखू वा मद्य घेणाऱ्या व्यक्तींमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एकतृतीयांशाने कमी झाल्याचे दिसून आले. दोन आठवड्यांत न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, अथवा तीन बोटे मावतील एवढेही तोंड न उघडणे, यांपैकी काही आढळल्यास विलंब न करता रुग्णालय गाठावे.

गावाने करावयाची कामे

मे २०२३ मध्ये राज्य शासनाने 'स्वच्छ मुख अभियान' हाती घेतले व क्रिकेटपटू सचिन तेंडुलकर यांना त्याचे सदिच्छादूत नेमले. जलजीवन मिशनखाली गावोगावी पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. हे दोन्ही उपक्रम गावपातळीवर एकत्र आणता येतील. पाण्याची संचपेटी घेऊन घरी जाणाऱ्या स्त्रीनेच मिसरीचा विषय काढला, तर तो उपदेश न वाटता आपुलकीची चौकशी ठरेल. तुळजापूर तालुक्यातील अणदूर येथील हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच स्त्रियांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केले. आपल्यातीलच बाईने सांगितलेले गावाला पटते, हे या प्रयोगाने दाखवून दिले आहे.

ग्रामपंचायतींनी टीसीएल पावडरचा साठा कोरड्या जागी ठेवावा, जलसुरक्षकाचे मानधन वेळेवर द्यावे, गळत्या पावसाळ्यापूर्वी काढाव्यात आणि पाणी तपासणीचे निष्कर्ष फलकावर लावावेत. शाळांनी मध्यान्ह भोजनापूर्वी हात धुण्याचा व भोजनानंतर चूळ भरण्याचा नियम ठेवावा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाने सांगितलेली किडक्या दातांची मुले प्रत्यक्ष उपचारापर्यंत पोहोचली की नाही, हे पाहावे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने मनाई आहे. तिची अंमलबजावणी पंचायत सदस्यांनी स्वतः लक्ष घालून करवून घ्यावी. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक उपलब्ध आहे. तो दवाखान्याच्या व शाळेच्या भिंतीवर ठळकपणे लिहून ठेवावा.

यांपैकी कोणत्याही कामाला मोठा निधी लागत नाही. काही ग्रॅम पावडर, एक ओगराळे, एक ब्रश आणि दर महिन्याला गावाने घेतलेला तासाभराचा आढावा एवढेच हवे. नारूच्या वेळी साध्या फडक्याने मोठे काम केले होते. येत्या पावसाळ्यापूर्वीच्या ग्रामसभेत पाणी आणि मुखआरोग्य हा विषय प्रत्येक ग्रामपंचायतीने कार्यक्रमपत्रिकेवर घेतला, तर जिल्ह्यातील मुलांच्या व मातांच्या आरोग्यावर त्याचा इष्ट परिणाम झाल्यावाचून राहणार नाही.